टचलाइनवरचा शिंपी

आम्ही मूळचे कुठले म्हणून विचारलंत, तर काय सांगू तुम्हाला, आमच्या बंगळूरच्या मराठी लोकांत ज्याला विचाराल तो हेच सांगेल की आमचे पूर्वज राजांच्या फौजेबरोबर आले, घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन. सगळेच घोड्यावर. मी लहानपणी वडिलांना विचारलं, सगळे जर घोड्यावर होते तर घोड्यांना चारा कोण घालत होतं, तर ते म्हणाले, गप बस, आपण शिंपी, फौजेचे अंगरखे फाटत असतील की नाही, ते शिवायला कोणीतरी बैलगाडीत बसून मागनं आला असेल, तो आपला. मला ते पटलं. तेव्हापासून मी कोणाला घोडा सांगत नाही, बैलगाडीच सांगतो.

नाव माझं नारायणराव. पण शिवाजीनगरात नारायणरावांचं दुकान कुठं म्हणून विचारलंत तर लोक तोंडाकडे बघतील. टेलर अण्णा म्हणा, बस स्टँडवरचा केळीवाला तुम्हाला हाताला धरून आणून सोडेल. दुकान आजोबांपासूनचं, दोन पायमशीन, एक इस्त्रीचं टेबल, आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायचे हा धंदा. मे-जूनमध्ये जेवायला फुरसत नाही आणि ऑगस्टनंतर माशा मारायच्या. बोलायचं म्हणाल तर घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नडा, काउंटरवर उर्दू, कापडाच्या गोदामात तमिळ. तुम्ही पुण्याकडचे, आमचं मराठी ऐकून मघाशी हसलात ते बघितलं मी. हसा की. चारशे मैल आणि तीनशे वर्षं सांभाळून आणलेली वस्तू आहे, स्वल्प चुरगळणारच.

फुटबॉल कसा आला ते सांगतो. मी स्वतः खेळलो आहे, पण फार मोठा नव्हे. आमच्या वेळेला कंटोन्मेंटच्या बाजूला पोरगं चालायला लागलं की आधी बॉलला लाथ मारायचं आणि मग आईकडे जायचं. मी गोलकीपर होतो. का, तर धावायला लागत नाही आणि ओरडायला मिळतं. गोलकीपरचं अर्धं काम ओरडणं, हा डावीकडनं आला, तो मोकळा सुटला, अरे बघ की मागं. मला ते अर्धं काम फार छान जमायचं. दुसरं अर्धं, बॉल अडवायचं, ते असंतसंच. लग्न झालं आणि खेळ सुटला, ओरडणं तेवढं राहिलं, ते बिचारी सरोजा ऐकत आली. सरोजा म्हणजे आमची मंडळी.

तर असाच एक सप्टेंबर, धंदा नाही, मी माशा मारत बसलेलो, आणि गल्लीतल्या पोरांचा बॉल येऊन पडला तो थेट इस्त्री केलेल्या पिनाफोरच्या, म्हणजे शाळेतल्या पोरींच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या, ढिगावर. चिखलाचा गोल शिक्काच उमटला. मी बॉल घेऊन बाहेर आलो, चांगलं झोडपायचं म्हणून, तर पोरं पळाली नाहीत. रांगेत उभी राहिली. त्यातला एक काळासावळा, डोळे मोठे, सेल्वा नावाचा, आई त्याची फुलं विकायची, तो मला म्हणतो, अण्णा, बॉल तुमच्याकडेच ठेवा, पण एवढं सांगा, मी डाव्या पायानं मारतो तर सरळ जातो आणि उजव्यानं मारतो तर तुमच्या दुकानात जातो, असं का. आता अशा पोराला काय मारणार. मी म्हटलं, रविवारी सकाळी रेल्वे लायनीजवळच्या मैदानावर या, सांगतो. सहा आले. पुढच्या रविवारी चौदा. वर्षभरात पन्नास. तमिळ, उर्दू, कन्नडा, तेलुगू, सगळ्या घरची. मराठी एकही नाही. आमच्या लोकांची पोरं ट्यूशनला जात होती.

कोचिंग-गीचिंग मला कुठं येत होतं? मला येत होतं शिवणकाम. म्हणून मी शिवणकामाच्या भाषेत सांगायचो, आणि घाईत सांगायचं तर तोंडातनं घरचीच भाषा येते. दोघा डिफेंडरांच्या मधनं बॉल काढायचा तर मी ओरडायचो, काज! काज म्हणजे बटणाचं भोक, त्यातनं बटण कसं अलगद जातं तसा बॉल गेला पाहिजे. पुढं गेलेल्यानं बॉल मागं वळवायचा तर, दुमड! तू मला, मी तुला, असा पास द्यायचा तर, टाका घाल! आणि कोणाच्या मागं दुसऱ्यानं आधाराला उभं राहायचं तर, अस्तर! पोरांना वाटलं फुटबॉलची भाषा अशीच असते. इम्तियाज आमचा गोलकीपर, तो घरी टीव्हीवर मॅच बघताना वडिलांना सांगायचा, अब्बा, इसने दुमडा नहीं. वडील घाबरून माझ्याकडे आले, पोराला काय झालंय म्हणून.

जर्सीसुद्धा मीच शिवल्या. एका शाळेच्या युनिफॉर्मचं चौकड्याचं कापड उरलं होतं, लाल-पांढरं, त्यात पंधरा जर्सी बसल्या. पहिल्याच मॅचला समोरची पोरं हसली, हॉटेलाचे टेबलक्लॉथ आले म्हणाली. सेल्वा म्हणाला, या, जेवायला बसा. तीन गोल वाढले त्यांना.

आता मूर्ती साहेबांचं सांगतो. मोठे ऑफिसर होते कुठल्याशा खात्यात, रिटायर झालेले, जे. पी. नगरात राहायचे, तिथनं स्कूटरवर यायचे, टाय लावून. फुटबॉलच्या मैदानावर टाय. माणूस वाईट नव्हे हां, आधीच सांगतो. मैदानाची परवानगी त्यांनी आणली, सोसायटी रजिस्टर केली, दर रविवारी पोरांना केळी आणि उकडलेली अंडी मिळू लागली ती त्यांच्यामुळं. पण प्रत्येक गोष्टीचा समारंभ व्हायचा. अंडी सुरू झाली तर अंड्यांचं उद्घाटन. खोटं नाही सांगत, टेबल, फुलदाणी, हार, एक पाहुणे, आणि पाहुण्यांच्या हस्ते पहिलं अंडं. पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, शिस्त आणि राष्ट्र यावर, तोवर अंडी थंड झाली आणि पोरं गरम. आणिक एकदा नव्या गोलपोस्टचं उद्घाटन, तर पाहुण्यांनी औपचारिक किक मारली, बॉल हलला नाही आणि बूट गोलात गेला. इम्तियाजनं तो झेलला. मूर्ती साहेबांना वाटलं, पोरं टाळ्या वाजवतात त्या पाहुण्यांसाठी.

एक दिवस मीटिंगला बोलावलं. कमिटीत सात माणसं, सातहीजण अध्यक्ष झाल्यासारखी बसलेली. मूर्ती साहेब म्हणाले, नारायणराव, तुमची सेवा थोर आहे. थोर म्हणाले तेव्हाच मी समजलो की आता जातंय आपलं. म्हणाले, पण जमाना बदलला, आपल्याला सर्टिफिकेट असलेला कोच पाहिजे, प्रवीण म्हणून मुलगा आहे, स्टेटकडनं खेळलाय, कोर्स-गीर्स केलेला, तो यायला तयार आहे. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणाले, तुम्ही आहातच की, आमच्या हृदयात. आता हृदयात राहून कोण कोचिंग करणार? मी असा शांत माणूस नव्हे, उठून उभा राहिलो, म्हटलं, साहेब, ही पोरं मी गोळा केली, पुढच्या महिन्यात येलहंक्याला चौदा वर्षांखालच्यांची टुर्नामेंट आहे, राज्यभरातनं आठ टीम येणार, मी यांना फायनलला नेलं तर मीच हेड कोच, नाही नेलं तर तुमचा प्रवीण. मूर्ती साहेब म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे. आणि लगेच मिनिट्समध्ये लिहून घेतलं. तोंडातनं गेलेलं परत घेता येतं, मिनिट्समधलं येत नाही.

घरी येऊन सरोजाला सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, हरलात तर? मी म्हटलं, हरत नाही. ती म्हणाली, ते तुमच्या तोंडाला विचारलंत का? मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणते. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिचं बोलणं मला दुसऱ्या दिवशी कळतं.

खरं सांगू, मला तेव्हा झोप येत नव्हती. हसाल तुम्ही, पण दुकानात मी काय होतो? गिऱ्हाईक यायचं, मापाची पट्टी लावून घ्यायचं, जायचं. रविवारी पन्नास पोरं अण्णा, अण्णा करत यायची, माझ्या एका हाकेवर डावीकडे वळायची, एका हाकेवर उजवीकडे. माझ्या बापजाद्यांत कोणाच्या हाकेवर कोणी वळलं नव्हतं, बैलसुद्धा दुसऱ्याचे होते. ते गेलं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं, पिनाफोर.

पण माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. तो म्हणजे ही आमची भाषा. मॅचमध्ये मी लाइनीवरनं ओरडणार काज, दुमड, अस्तर, आणि समोरच्या टीमला ओ की ठो कळणार नाही. बंगळुरात मराठी म्हणजे बंद दारामागची भाषा. बाहेर कोणाला येत नाही. कन्नडात ओरडलात तर सगळ्यांना कळतं, तमिळमध्ये ओरडलात तर निम्म्यांना, उर्दूत तर रेफ्रीलाही. मराठी म्हणजे देवघराच्या कपाटातली वस्तू, तिला बाहेर कोणी बघितलंच नव्हतं. महिनाभर मी पोरांना आणखी चाळीसेक शब्द शिकवले. मंजू नावाचा आमचा बॅक, आईवडील कोलारकडचे, तो तर दुकानात येऊन, अण्णा, चहा घेतला का, असं मराठीत विचारायला लागला, इतकं शुद्ध की आमच्या मुलीनं कधी विचारलं नाही.

येलहंक्याला पोहोचलो. शनिवारी पहिली मॅच म्हैसूरकडच्या टीमशी. अहो, काय मजा आली म्हणून सांगू! मी ओरडतोय, सेल्वा दुमड, मंजू अस्तर, आणि त्यांचा कोच आपल्या पोरांना विचारतोय, काय बोलतो हा, तमिळ का? त्यांच्यात एक तमिळ पोरगा होता, तो कानाला हात लावून म्हणाला, सर, हे तमिळ नाही, हे काहीच नाही. दोन-शून्यनं जिंकलो. मूर्ती साहेब टाय सैल करून माझ्याशी हात मिळवायला आले. मला वाटलं, झालं काम. संध्याकाळी मी मूर्ती साहेबांना दोनदा हेड कोच या शब्दाचा उच्चार करून दाखवला, सवय व्हावी म्हणून.

रविवारी सेमीफायनल. समोर बेळगावकडची टीम. आता तुम्ही हसायला लागलात. तुम्हाला लगेच कळलं, मला कळलं नाही! काय सांगू तुम्हाला, सकाळी मी स्वतः बघितलं होतं, ती पोरं ऑफिशियलशी कन्नडात बोलत होती, त्यांचे कोच पाटील मास्तर मला भेटले तेही कन्नडात बोलले, ऊट आयता, जेवण झालं का म्हणून विचारलं, मीही कन्नडात उत्तर दिलं, आयतु. दोघेही मराठी, दोघेही एकमेकांना कन्नडात जेवणाचं विचारतोय. मी जन्मभर घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी बोलत आलो, पण दुसऱ्या कोणाच्या घराला पण दार असेल, आत दुसरी भाषा असेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. आडनाव पाटील ऐकूनसुद्धा आलं नाही. म्हटलं, पाटील कुठंही असतात.

मॅच सुरू झाली आणि मी सुरू झालो. सेल्वा, काज! सेल्वा आत घुसला तर दोन बॅक आधीच दार लावून उभे. मंजू, दुमड! मंजूनं मागं वळवला तर त्यांचा एक पोरगा तिथं येऊन थांबलेला, जसा काही बसची वाट बघतोय. टाका घाल, म्हटलं, तर टाका त्यांनीच घातला. वीस मिनिटांत तीन गोल. मला वाटलं आज पोरं नीट ऐकत नाहीत, म्हणून मी आणखी जोरात ओरडायला लागलो. मग पलीकडच्या लाइनीवरनं पाटील मास्तर शुद्ध मराठीत ओरडले, अहो शिंपीबुवा, काज-बटण पुरे झालं, आता जरा गोल करा की! आणि त्यांची सगळी पोरं खो खो हसायला लागली.

अय्यो, म्हटलं.

हाफ टाइमला पोरं माझ्याभोवती बसली. सरोजा चित्रान्नाचा डबा घेऊन आली होती, तिनं तो उघडलासुद्धा नाही. म्हणाली, अहो, तुम्ही आपल्या पोरांना कुठं शिकवताय, तुम्ही त्यांच्या पोरांना शिकवताय. तुमच्या कोचिंगनं सगळ्यांत जास्त फायदा त्यांचा झाला. मूर्ती साहेब पलीकडे उभे राहून टाय घट्ट करत होते. मी म्हटलं, कन्नडात ओरडतो, तर मंजू म्हणाला, अण्णा, ते त्यांनाही येतं. उर्दूत? इम्तियाज म्हणाला, त्यांचा गोली आमच्यातलाच आहे. मग सेल्वा, बूट सोडत बसला होता, मान वर न करता म्हणाला, अण्णा, तुम्ही सुम्ने इरी. म्हणजे तुम्ही गप्प राहा. पण आदरानं म्हणाला हां, इरी म्हणाला, इरु नाही. म्हणाला, आम्ही आमचं बघतो.

मी गप्प राहिलो. हे एवढं सोपं वाक्य आहे ना, ते करायला मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत. आधी हाताची घडी घातली, मग हात तोंडावर ठेवला, मग रुमाल तोंडात धरला. लाइन्समन येऊन विचारतो, दात दुखतोय का? मान हलवली, होय म्हणून.

आणि आत पोरं बोलायला लागली. काय बोलत होती ते मला अर्धंच कळत होतं. गल्लीची भाषा त्यांची, तमिळ क्रियापद, उर्दू शिवी, मधे एखादा कन्नडा शब्द, आणि बाकी नुसत्या शिट्ट्या. ती कोणाच्या घरातली भाषा नव्हती, कोणाच्या दाराबाहेरचीही नव्हती, त्यांनी त्यांची केलेली होती, माझ्याच नाकासमोर, रविवारी, आणि मी ओरडत असल्यामुळं मला ती कधी ऐकायलाच आली नव्हती. बेळगावची पोरं गोंधळली. पाटील मास्तर गोंधळले. मंजू, ज्याला मी दोन वर्षं सांगत होतो की सेंटर लाइन ओलांडायची नाही, तो ओलांडून गेला आणि तिकडनं असा बॉल दिला की सेल्वानं डाव्या पायानं पहिला गोल केला. तीन-एक. दुसरा तर मी सांगूच शकत नाही कसा झाला, सहा जणांनी मिळून केला, मी जे शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलट. तीन-दोन. सरोजा, आयुष्यात कधी ओरडली नाही, ती डबा वाजवायला लागली.

शेवटची दोन मिनिटं असतील. सेल्वाला बॉल मिळाला. समोर दोन बॅक, आणि दोघांच्या मधे एवढी फट. एवढी सुंदर फट, अहो, तीस वर्षं मी काजं केली, एवढं सुबक काज मी कधी केलं नाही. सेल्वानंही ते बघितलं होतं, त्याचा खांदा तिकडे वळलेला मी बघितला. त्याला माझी गरज नव्हती. पण माझ्या तोंडातनं रुमाल गळून पडला आणि मी ओरडलो, सेल्वा, काज!

फट मिटली. दोन्ही बॅक एकदम आत सरकले, बॉल पायाला लागून बाहेर गेला, रेफ्रीनं शिट्टी मारली. संपलं.

आजपर्यंत मी हे मूर्ती साहेबांना सांगितलेलं नाही. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, तांत्रिक ज्ञानाच्या अभावी पराभव. एका अर्थी बरोबरच लिहिलं. पाटील मास्तर मात्र येऊन गळ्यात पडले, मराठीत म्हणाले, शेवटी ओरडला नसता तर बरोबरी झाली असती, आणि मग आम्ही गेलो होतो बघा. मी म्हटलं, माहीत आहे हो मला, मोठ्यानं नका बोलू.

बसमधनं परत निघालो. मग हेब्बाळच्या पुढं आल्यावर सेल्वा माझ्या शेजारी येऊन बसला, मला वाटलं आता हा रडणार. तर म्हणतो, अण्णा, प्रवीण सर आले तर आम्ही कोणी येणार नाही. मागनं सगळे म्हणाले, होय होय, नाही येणार. इम्तियाज म्हणाला, आमची टीम तुमची आहे. खरं सांगतो, मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की काय सांगू. एक शब्द मी बोललो असतो तर पन्नास पोरं माझ्या मागं उभी राहिली असती, आणि मूर्ती साहेबांचं मैदान, प्रवीण, बॅनर, सगळं रिकामं पडलं असतं. तो शब्द माझ्या ओठावर आला होता. पण मी दुसऱ्या हाफमध्ये जे बघितलं होतं ते बघितलं होतं. मी तोंड बंद केल्यावर ती पोरं कशी खेळली! आणि ज्याच्या तोंडामुळं ती हरली त्याच्या मागं उभी राहायला निघाली होती. मी म्हटलं, मुकाट्यानं प्रवीण सरांकडे जायचं, जो जाणार नाही त्याची चड्डी यापुढं मी शिवणार नाही. सेल्वा म्हणाला, अण्णा, तुम्ही दुसऱ्यांच्या चड्ड्या शिवता, आमच्या आया रस्त्यावरनं आणतात. म्हटलं, मग जा असाच. हसला तो. तेव्हा रडलं कोण, तर मी. खिडकीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी मूर्ती साहेबांकडे गेलो, जे. पी. नगरला, दोन बस बदलून. म्हटलं, प्रवीणला बोलवा, मी पोरांना सांगितलंय. ते घाबरलेच, भांडायची तयारी करून बसले असतील. म्हणाले, तुमचं मन मोठं आहे. मी म्हटलं, मन राहू दे, मला दहा वर्षांखालची पोरं द्या. म्हणजे सहा-सात वर्षांची, ज्यांना बुटाची लेस बांधता येत नाही, ज्यांना दर अर्ध्या तासाला आई पाहिजे असते. प्रवीणला ती नको होती, सर्टिफिकेटवाल्या कोणालाच नको असतात. मूर्ती साहेबांना अडचण एकच, लेटरहेडवर मला काय म्हणायचं. कोच म्हणता येत नाही, सर्टिफिकेट नाही. चार दिवस विचार करून त्यांनी एक पद काढलं, मेंटर. मी म्हटलं, मेंटर म्हणजे काय हो साहेब? ते टाय नीट करत म्हणाले, म्हणजे असा माणूस, की ज्याला सगळं करायचं असतं पण ज्याचं कोणी ऐकायलाच पाहिजे असं नाही. मी म्हटलं, सरी, हे मी घरी वीस वर्षं करतोय. अर्थात समारंभ झाला. मेंटरपदाचं उद्घाटन. मला शाल घातली, ऐन एप्रिलमध्ये.

आता त्याला दहा वर्षं होत आली. प्रवीण चांगला निघाला, तोंडावर सांगत नाही, पण तुम्हाला सांगतो. त्यानं सेल्वाच्या उजव्या पायावर दोन वर्षं काम केलं, तो पाय मला कधीच सरळ करता आला नव्हता. सेल्वा आता एका ऑफिसच्या टीमकडनं खेळतो, नोकरी लागली, आईनं फुलांची टोपली सोडली नाही पण आता ती सावलीत बसते. मंजू पोलिसात गेला. इम्तियाजचं दुकान आहे चपलांचं, तिसऱ्या गल्लीत. शिवाजीनगरात कधी भेटले की ओरडतात, अण्णा, चहा घेतला का, मराठीत. तेवढीच मराठी राहिलीय त्यांची. माझ्या नातवापेक्षा बरी आहे.

आणि माझं चाललंय. रविवारी सकाळी या बघायला, सात वाजता. तीस-बत्तीस चिल्लीपिल्ली. त्यात सात पोरी पण आहेत, मूर्ती साहेबांना आधी पटलं नाही, मग एका समारंभात पाहुणीबाई म्हणाल्या की वा, तेव्हा पटलं. ही सगळी पोरं काय करतात, ठाऊक आहे? सगळी एकाच बॉलच्या मागं धावतात. दोन्ही टीमची, दोन्ही गोलकीपर धरून. मधमाशांचं पोळं निघाल्यासारखं एक गाठोडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतं, आतमध्ये बॉल आहे की नाही हे देवालाच ठाऊक, आणि बाकी अख्खं मैदान मोकळं. कुठलाही कोच असता तर ओरडला असता, पसरा, पसरा! माझ्या पण जिभेवर येतं. दर रविवारी येतं. आया माझ्याकडे बघतात, हा माणूस काही सांगत का नाही म्हणून. एक बाई म्हणालीच, मेंटर म्हणे, नुसता उभा असतो.

उभा असतोच मी. गेल्या रविवारी काय झालं, आमच्यात एक रेश्मा म्हणून आहे, एवढीशी, बूट दोन नंबर मोठे, ती त्या गाठोड्यात धावता धावता थांबली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, दमली असेल. मग तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, एवढं मोठं मैदान आणि कोणी नाही. आणि ती हळूहळू चालत त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. एकटी. मिनिटभरानं गाठोड्यातनं बॉल निसटला तो थेट तिच्या पायाशी. तिनं माझ्याकडे बघितलं, आता काय करू म्हणून.

मला माहीत होतं काय करायचं ते. मी आकाशाकडे बघितलं.

तिनं मारला तो आपल्याच गोलात गेला, ते सोडा. पण ती जागा तिनं शोधली होती, मी दाखवली नव्हती. चला, तुमची बस निघेल, तुमच्या पोराबाळांचं भलं होवो, त्यांना बघायला मोकळं मैदान मिळो. आमचं बरं चाललंय. सरोजा म्हणते, घरी पण स्वल्प मेंटर व्हा, नुसते उभे राहा. बघू या म्हटलं, एकेक करून.